33 लिटरचे चार डबे, एक थर्मोस्टॅट आणि घरी ठोकलेला सापांचा रॅक : आठ महिने वापरून लिहितोय

आधीच सांगतो, हे भारतात करायचं काम नाही. मी इंग्लंडात लेस्टरला राहतो, इथे कॉर्न स्नेक किंवा रॉयल पायथन (दोन्ही बिनविषारी) पाळायला लायसन्स लागत नाही (विषारी पाळायचे असतील तर 1976 चा डेंजरस वाइल्ड ॲनिमल्स ॲक्ट लागतो, तो वेगळा विषय, आणि बायको त्या दिवशी घर सोडून जाईल तो आणखी वेगळा). आपल्याकडे नाग, धामण, अजगर यातलं काहीही घरात ठेवलं की 1972 चा वन्यजीव कायदा आहे, आणि बाहेरदेशी जाती असल्या तरी त्यातल्या कायद्याच्या यादीत असलेल्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, 2024 चे नियम आहेत त्याचे. तेव्हा हे वाचून कुणी पुण्यात रॅक ठोकायला घेऊ नका, निदान कागद नीट केल्याशिवाय तरी नको.

मी मूळचा इस्लामपूरचा. म्हणजे बत्तीस शिराळा तासाभराच्या आत. लहानपणी नागपंचमीला तिथे काय चालायचं ते बघितलंय, पुढे कोर्टाने जिवंत नागांचं सगळं बंद केलं. त्यामुळे सापाची भीती अशी नव्हती, पण आमच्याकडे रात्री साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, आणि आई अजूनही व्हिडिओ कॉलवर संध्याकाळ झाली की 'तुझी ती लांबडी कशी आहेत' असंच विचारते.

तर लांबडी सध्या पाच. एक मोठी रॉयल मादी, तिला आम्ही माई म्हणतो, ती चार फुटी लाकडी व्हिव्हेरियममध्ये (साप ठेवायच्या पेटीत) असते आणि रॅकशी तिचा संबंध नाही. बाकी दोन लहान रॉयल आणि दोन कॉर्न, गुलकंद आणि चिंगी. या चौघांसाठी चार काचेच्या टाक्या होत्या, चार मॅट (खालून ऊब देणाऱ्या विजेच्या पातळ चटया), त्यांचं तापमान आवरणारे चार स्वस्तातले थर्मोस्टॅट, आठ वायरी आणि एका एक्स्टेंशनवरून दुसरं एक्स्टेंशन, म्हणजे खोलीत शिरलं की लग्नाच्या मांडवामागचा भाग वाटायचा. शिवाय इथे हिवाळ्यात सेंट्रल हीटिंग चालू झालं की हवा इतकी कोरडी होते की लहान रॉयलची कात तुकड्यातुकड्यात निघायला लागली, डोळ्यावरची कातीची खपली तशीच राहिली एकदा. काचेच्या टाकीला वरून जाळी, सगळी ओल वर उडून जाते. प्लास्टिकच्या डब्यात ती टिकते, आणि रॉयल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत उंदराच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून राहणारा प्राणी, त्याला अंधार आणि चहूबाजूंनी अंगाला टेकेल अशी जागा आवडते. म्हणून रॅक, म्हणजे खणाखणांत डबे सरकवायचं कपाट.

तयार रॅकचं कोटेशन घेतलं तर साडेपाचशे पौंडांच्या वर. म्हटलं आमचा चुलता सुतार, रक्तात असेल काहीतरी. नव्हतं.

आता डब्यांपासून सुरू करतो कारण या सगळ्यात सगळ्यात भारी वस्तू तीच. रियली यूजफुल बॉक्सचा 33 लिटरचा डबा. इथे साप पाळणारा जो भेटेल तो हाच सांगतो आणि बरोबर सांगतो. पॉलिप्रॉपिलीनचा आहे, पारदर्शक, उकळत्या नाही पण चांगल्या गरम पाण्याने धुता येतो, आठ महिन्यांत एकाही डब्याला तडा नाही, पिवळा पडला नाही, कोपरे तसेच. मी जुने कुठल्यातरी सुपरमार्केटचे पातळ डबे वापरून बघितले होते, त्यांचा तळ मधे पोट सुटल्यासारखा खाली येतो, याचा येत नाही. एकाला साधारण 16 पौंड पडले, चारचे 64. डब्याला पाचपैकी पाच.

फक्त एक गोष्ट, आणि माझा सगळा घोटाळा इथेच झाला. साइटवर माप दिलंय 710 बाय 440 बाय 165 मिलिमीटर. हे माप झाकणासकट, कड्यांसकट बाहेरून बाहेर आहे. रॅकमध्ये झाकण वापरायचंच नाही, वरच्या खणाची फळी हेच झाकण, हीच तर रॅकची गंमत. पण मी शहाण्याने 165 धरून, वर 3 मिलिमीटर सरकायला ठेवून, 168 चे खण कापून आणले. घरी येऊन झाकण काढून डबा आत सरकवला तर वर जवळजवळ दीड सेंटीमीटरची फट! झाकण काढलं की डबा सव्वा सेंटीमीटरने बुटका होतो हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे टेप घेऊन मोजलं असतं तर डब्यानेच सांगितलं असतं. आणि मी काय म्हणालो असेन? 'चांगलंय की, हवा खेळती राहील.' हे वाक्य बायको अजून ऐकवते मला.

फळ्या म्हणजे कॉन्टीबोर्ड, पांढरा लॅमिनेट लावलेला भुश्याचा बोर्ड, 15 मिलिमीटर जाड. रुंदी ठराविकच मिळते, मी 457 ची घेतली आणि त्यामुळे डबे आडवे ठेवायचं ठरवलं, म्हणजे लांब बाजू समोर. बहुतेक लोक डबा उभा खोल सरकवतात, पण त्यासाठी 710 खोलीची फळी लागते आणि ती या बोर्डात मिळत नाही, दोन फळ्या जोडाव्या लागतात. आडव्याचा एक फायदा मला नंतर कळला. गरम बाजू डावीकडे, थंड बाजू उजवीकडे, समोर उभं राहिलं की साप कुठल्या टोकाला झोपलाय ते एका नजरेत दिसतं. चारही डाव्या टोकाला दिसले तर खोली गार पडलीये, चारही उजवीकडे तर काहीतरी जास्त तापलंय. थर्मामीटर नंतर बघायचं, आधी सापांकडे बघायचं.

बोर्डाबद्दल तक्रार आहे थोडी. दुकानात कापून दिला, कापणारा मुलगा गोड होता पण दोन तुकडे गुण्यात (काटकोनात) नव्हते, एका टोकाला 2 मिलिमीटर फरक. कपाटात हे चालून जातं, सापाच्या रॅकमध्ये तोच फरक डोकं घालायला पुरतो. कानस घेऊन तासभर घासत बसलो. कापलेल्या कडा उघड्या राहतात आणि त्यांना पाणी लागलं की भाकरीसारख्या फुगतात, म्हणून इस्त्रीने चिकटवायची पट्टी मिळते ती लावली. घरची इस्त्री वापरलीत तर मधे बेकिंग पेपर धरा. मी धरला नाही. त्या इस्त्रीने नंतर एका पांढऱ्या कुर्त्यावर जो डाग पाडला त्याची किंमत रॅकच्या हिशोबात धरायला लावली गेली आहे. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर बोर्ड कडेने उसवतो. पाणी सांडून आत झिरपू नये म्हणून सांध्यांना मत्स्यालयाचं सिलिकॉन मारलं आणि दोन दिवस तसंच वाळू दिलं, व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत. बोर्डाला तीन. स्वस्त आहे, दिसतो बरा, पण पुढच्या वेळी प्लायवुड.

आता थर्मोस्टॅट. इथे जरा बसा.

चार मॅट, प्रत्येकी साधारण 15 वॅट, सगळ्या मिळून 60. लोकांना वाटतं 15 वॅट म्हणजे काय, नाइट लॅम्प. पण वर प्लास्टिक, त्यावर भुसा, त्यावर साप बसलेला, उष्णता जायला जागा नाही, आणि कंट्रोल नसलेली मॅट त्या जागी सहज चाळीसच्या वर जाते. सापाला पोटाखालची जागा जास्त तापली हे पटकन कळत नाही, तो तिथेच पडून भाजून घेतो. मी सुरुवातीला पैसे वाचवायला 19 पौंडांचा एक ऑनलाइन मागवला, नाव लिहीत नाही, डब्यावरही धड नव्हतं. स्क्रीन निळी, छान, दोन आकडे दाखवतो. सुदैवाने एवढी अक्कल होती की रॅक रिकामा चालवून बघायचा, डब्यात नुसता भुसा आणि पाण्याची वाटी. तीन दिवस मस्त चालला. चौथ्या दिवशी ऑफिसातून आलो, स्क्रीनवर 32 लिहिलेलं, पण खोलीत गरम प्लास्टिकचा वास. इन्फ्रारेड गन (लांबून तापमान मोजायची) मारली तर तळ 46! उघडून बघितलं तर आतला रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा स्विच, चिकटून बसला होता, म्हणजे बंद व्हायचं नावच नाही, आणि प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, निसटून डब्याच्या बाहेर आला होता, त्यामुळे तो बिचारा स्वतःला 32 समजून बसलेला. दोन्ही चुका एका वेळी, एक त्याची, एक माझी. आत साप असता तर?

मग हॅबिस्टॅट कंपनीचा पल्स प्रपोर्शनल थर्मोस्टॅट घेतला, 65 पौंडांना. साधा ऑन-ऑफवाला काय करतो, खाली गेलं की पूर्ण चालू, वर गेलं की पूर्ण बंद, त्यामुळे तळ सारखा वरखाली होत राहतो आणि रिलेची टकटक आणि झीज. हा पल्सवाला ठरलेल्या तापमानाच्या जवळ आला की थोडी थोडी वीज सोडतो, गॅस बारीक केल्यासारखा. माझ्या गनवर आठ महिन्यांत वरच्या खणाचं गरम टोक 31 ते 32.5 च्या बाहेर गेलेलं नाही, थंड टोक 25 च्या आसपास. प्रोब मी यावेळी फॉइल टेपने नाही चिकटवला, केबल क्लिप ठोकून बसवला, आणि कुठे बसवला तेही सांगतो कारण यावर भांडणं होतात. एकाच थर्मोस्टॅटवर चार खण असले की प्रोब एकाच खणात असतो, बाकीचे तीन त्याच्या भरवशावर. उष्णता वर चढते, माझ्याकडे वरचा खण खालच्यापेक्षा दीड-दोन अंशांनी गरम राहतो. प्रोब खाली ठेवला तर खालचा बरोबर आणि वरचा भाजणार. म्हणून प्रोब सगळ्यात वर. मग खालचा थोडा गार राहतो, तिथे कॉर्न ठेवायचे, त्यांना तसंही 28-29 पुरतं, रॉयल वरती. थर्मोस्टॅटला पाचपैकी पाच, आणि तुमच्याकडे एकाच गोष्टीवर खर्च करण्याएवढे पैसे असतील तर बाकी सगळं भंगारातलं आणा पण हा नवीन घ्या.

हवेची भोकं. मी ड्रिल वापरलं, 5 मिलिमीटर, आत लाकडाचा ठोकळा धरून. इथे बरेच जण सोल्डरिंग आयर्नने पाडतात, गोल गुळगुळीत होतात खरी, पण धूर वाईट असतो, करायचं तर बाहेर अंगणात करा. पहिल्यांदा प्रत्येक आखूड बाजूला सहाच पाडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याच्या भिंतींवर पावसाळ्यात एसटीच्या काचांवर असतात तसे थेंब. मग कॉर्नच्या डब्यांना बाजूला वीस-वीस केली, रॉयलच्या बारा. भोकाची खरखरीत कड आतून पॉलिश पेपरने घासली, बोट फिरवून बघा, बोटाला लागलं तर सापाला लागणार.

आता त्या दीड सेंटीमीटरच्या खेळत्या हवेची गोष्ट.

सापांना आत टाकून दुसरा दिवस. सकाळी साडेसहाला चिंगीचा डबा रिकामा. चिंगी म्हणजे तेव्हा पेन्सिलीपेक्षा थोडी जाड, कॉर्न स्नेक, ही जात म्हणजे पळून जाण्यात पदवीधर, अमेरिकेत झाडावर चढतात हे. मी ऑफिसला कळवलं की घरी प्लंबिंगचा प्रॉब्लेम आहे. फ्रिजमागे, ओव्हनखाली, बुटात, हार्मोनियमच्या पेटीत, सगळीकडे. रात्री भिंतीच्या कडेने पीठ टाकून ठेवलं, सकाळी पिठात माग दिसतो का बघायला, आणि दिसला फक्त बायकोच्या पायाचा. शेजारच्या गुजराती काकू, त्यांना काही सांगितलेलं नव्हतं, नेमक्या त्याच दिवशी ढोकळा घेऊन आल्या आणि दारात पीठ बघून म्हणाल्या 'मुंग्या झाल्या का बेटा'. हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सापडली. इथल्या जुन्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, कपडे ऊबदार ठेवायचं. त्यात सगळ्यात वर आईने पाठवलेली गोधडी घडी करून ठेवलेली, जुन्या लुगड्यांची, आणि दुसऱ्या घडीत, पाइपाच्या बाजूला, चिंगी. गुंडाळी करून, डोकं मधे ठेवून, जिभेचं टोक बाहेर. मी हात घातला तर हळूच बाहेर आली, अंग गरम होतं तिचं, हाताला कळत होतं. गोधडीवर एक पिवळसर ठिपका सोडून बाकी काही नुकसान नाही.

त्या रात्री फट बुजवली. प्रत्येक खणात तळाला 9 मिलिमीटरचा प्लाय टाकला, त्यावर डावीकडे मॅट, आणि वरून 3 मिलिमीटरचं हार्डबोर्ड, ज्यात मॅटच्या आकाराची खिडकी कापलेली. एकूण 12. त्याने डबा वर उचलला गेला आणि फट उरली 3. पण गंमत अशी की यात दुसराही प्रश्न सुटला, जो मला होता हेच माहीत नव्हतं. आधी डबा ओढला की तो थेट मॅटवर घासत होता, आठवडाभरात मॅटच्या एका कडेला चरा पडलेला होता, आतली तार उघडी पडायला फार वेळ लागला नसता. आता डबा हार्डबोर्डावर सरकतो आणि मॅट खिडकीत सुरक्षित. वायर जायला प्लायमध्ये छोटी खाच, मागे हार्डबोर्डाला भोक. तेव्हा सुरुवातीलाच असं करा, चूक म्हणून नाही.

फट मोजायला मी एक पौंडाचं नाणं वापरतो. ते 2.8 मिलिमीटर जाड आहे. डब्याची कड आणि वरची फळी यांच्यामधून नाणं जेमतेम सरकलं पाहिजे, खळकन पडायला नको. आणि फक्त कोपऱ्यात नाही, मधोमध पण बघा, आणि बघताना डब्याची लांब भिंत अंगठ्याने आत दाबून बघा कारण साप तेच करतो, डोक्याने रेटतो. आमच्या एका रॉयलने रेटून अख्खा डबा दोन बोटं पुढे सरकवला होता, तेव्हापासून प्रत्येक खणाला जुन्या कपाटाला असते तशी लाकडी फिरती खिटी लावली आहे. चुलत्याने व्हिडिओवर बघून सगळ्या रॅकमध्ये फक्त खिटीचं कौतुक केलं.

खाली ब्रेकवाली चार चाकं. भाड्याचं घर, भिंतीला स्क्रू मारता येत नाही, म्हणून रॅक उंच केला नाही, चारच खण, माझ्या मांडीपर्यंत येतो. घरमालक वर्षातून दोनदा बघायला येतो, त्याची लेखी परवानगी घेतलेली आहे, ते आधी करा.

हिशोब : डबे 64, बोर्ड प्लाय हार्डबोर्ड मिळून 78, मॅट 80, थर्मोस्टॅट 65, चाकं स्क्रू सिलिकॉन 30. झाले 317, आणि तो 19 चा दगड धरला तर 336. कुर्ता वेगळा. विजेचं म्हणाल तर 60 वॅट दिवसभर पूर्ण चालले तरी दीड युनिटच्या आत, आणि पल्सवाला पूर्ण चालवतच नाही, माझ्या प्लग मीटरवर मार्चमध्ये रोज पाऊण युनिटच्या आसपास दिसत होतं.

सापांना आवडला का? लहान रॉयलपैकी एकाने काचेच्या टाकीत सात आठवडे उंदीर तोंडात धरला नव्हता, डब्यात गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात घेतला. रॉयल असेही मनात येईल तेव्हा उपास करतात त्यामुळे रॅकमुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. कात मात्र दोघांचीही तेव्हापासून अखंड निघते, मोज्यासारखी, एक मी जपून ठेवली आहे. कॉर्नच्या बाबतीत मी तेवढा खूश नाही. गुलकंद रात्री डब्याच्या भिंतीवर चढायला बघतो आणि चढायला काही नाही, 15 सेंटीमीटर उंचीत फांदी तरी काय टाकणार, आडवी एक टाकली आहे, तीवर लोंबकळतो. सापाला लांब ताणून पडता आलं पाहिजे यावर इथे बरीच चर्चा चालते आणि मला ती बाजू पटते. त्यामुळे माझ्यापुरतं ठरवलंय, रॅक म्हणजे लहान सापांसाठी आणि नवीन आणलेल्याला वेगळं ठेवायला. दोन्ही कॉर्न पुढच्या वसंतापर्यंत उंच व्हिव्हेरियममध्ये जाणार, रॉयल मोठे झाले की तेही. ज्यांना वीस साप फळीवर रचायचेत त्यांनी हा रिव्ह्यू बघून माझं नाव पुढे करू नये.

गोधडी धुऊन परत त्याच कपाटात ठेवली आहे. आईला पळून गेल्याचं सांगितलेलं नाही. ती दर थंडीला विचारते, गोधडी ऊबदार आहे ना रे? मी म्हणतो हो, पारखून घेतलीये.